फक्कीची रेघ

प्रिय सावकाश,

अक्षर बघून दचकू नकोस. पत्र माझंच आहे, हात तेवढा सूनबाईचा. माझं मनगट जरा कुरकुरतंय, म्हणून मी सांगतेय आणि ती लिहितेय. आमचं ठरलंय, मी म्हणेन ते तिनं जसंच्या तसं उतरवायचं, मध्ये स्वतःचं शहाणपण घालायचं नाही. पत्र कुणाला जाणार हे कळल्यावर तिनं आधी शब्दकोश काढून मांडीशी ठेवला. आयुष्यभर छापखान्याची मुद्रितं तपासलेल्या बाईच्या हातात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका द्यायच्या म्हणजे परीक्षेला बसण्यासारखं आहे, असं तिचं म्हणणं. तरी एखादी चूक राहिलीच, तर ती तिची समज. बाकीच्या सगळ्या माझ्या.

आठ महिने झाले. इतके दिवस मी तुला एक ओळ लिहिली नाही, तुझा फोन घेतला नाही, आणि आता रविवारी सकाळी अचानक पत्र. तुला वाटेल, हिला काहीतरी काम असणार. आहे. पण ते पहिल्याच ओळीत सांगून टाकायची हिंमत माझ्यात नाही. तू मला ओळखतेस. सगळ्या गोष्टींत घाई, आणि जिथे खरंच घाई करायला हवी तिथे मात्र पाय जड.

परवा बसल्या बसल्या आपली पहिली भेट आठवली. तू खोकला जात नाही म्हणून आमच्या रुग्णालयात छातीचा एक्स-रे काढायला आली होतीस. माझं तिथलं काम बावीस वर्षं तेच. माणसाला पत्र्याला टेकवून उभं करायचं, हनुवटी वर करायला लावायची, काचेमागे जायचं आणि म्हणायचं, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. दिवसातून सत्तर वेळा. त्या दिवशी मी "रोखून धरा" म्हटलं, बटण दाबलं, आणि तेवढ्यात बाहेर कुणीतरी म्हातारे गृहस्थ स्ट्रेचरवरून घसरले म्हणून मी धावत गेले. परत येऊन बघते तर तू तशीच उभी. लालबुंद, डोळे वटारलेले, गालांचा फुगा झालेला. मी ओरडले, "अहो, सोडा! सोडा!" तू भसकन श्वास सोडलास, जरा वेळ धापा टाकल्यास आणि अगदी शांतपणे म्हणालीस, "तुम्ही सांगितलंच नाहीत." मला हसू आवरेना. मग तूही हसलीस. तुझे यजमान जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि छापखान्याची गठ्ठे आणून देणारी गाडी सोडली तर तुझ्या दारात कुणी येत नव्हतं, हे मला फार मागाहून कळलं.

माझा रक्तदाब त्याच महिन्यात एकशे साठच्या वर निघाला होता. आमच्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि चालायला जा म्हणून सांगितलं. मी चार दिवस गेले. चालून घरी आलं की मी नुसतीच दमलेली असायचे, आणि वाटेत सगळ्या काळज्या एकेक करून भेटून जायच्या. मग रुग्णालयाच्या फळ्यावर ती सूचना दिसली, चाळिशीपुढच्या स्त्रियांसाठी टेनिसचे वर्ग, जोडीनं नाव द्यावं. जोडी कुठून आणू? आमचे हे तर जिना चढतानाही मध्ये थांबून वर्तमानपत्र वाचतील. तू एक्स-रे न्यायला आलीस तेव्हा मी फिल्मबरोबर ती सूचनाही पाकिटात घातली आणि म्हटलं, "फुप्फुसं एकदम स्वच्छ आहेत तुमची. वापरा की जरा." तू म्हणालीस, "अहो, माझं वय एकोणपन्नास आहे." मी म्हटलं, "माझं सत्तेचाळीस. दोघींची बेरीज केली तरी अजून शंभरीच्या आतच आहोत." तू पाकीट उचलून निघालीस. पण सोमवारी सकाळी सव्वासहाला पाणीपुरवठ्याच्या पंपघरामागे त्या लाल मातीच्या मैदानावर मी पोचले, तर तू माझ्याआधी येऊन बाकावर बसलेली. बुटांच्या नाड्या इतक्या घट्ट बांधलेल्या, की जणू कुणी तुला तिथून उचलून नेणार होतं.

टेनिस शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्या आठवड्यातच आपलं बारसं केलं. त्यांना नावं लक्षात राहायची नाहीत. टपाल खात्यात तीस वर्षं पत्ते वाचून नावांचा वीट आलाय म्हणायचे. मी जाळीपाशी झेप घ्यायचे तेव्हा ते ओरडायचे, "घाई, चेंडू अजून तिकडेच आहे!" आणि तू मागे विचार करत उभी असायचीस तेव्हा, "सावकाश, चेंडू गेला!" एकदा तू फारच वेळ थांबलीस तेव्हा म्हणाले, "बाई, चेंडू म्हणजे काही जावई नव्हे, दारात उभं राहून वाट बघायला. पुढे व्हा!" तू हसून हसून खालीच बसलीस. मातीत. पांढऱ्या कपड्यांत. त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा आवाज करून हसताना ऐकलं.

तीन महिन्यांनी माझी गोळी अर्धी झाली. वर्षभरात बंदच झाली. तुझी साखर जेवणापूर्वीची एकशे सत्तर होती, ती शंभराच्या आसपास येऊन टिकली. तू तो कागद घडी करून पाकिटात ठेवायचीस आणि मला दर महिन्याला दाखवायचीस, शाळेतलं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं. आपली ती नको त्या वयातली नको ती दुखणी, अंगाचा भडका उडणं, उगाच रडू येणं, पहाटे तीनला टक्क जागं होणं, ती सगळी त्या मातीत घामाबरोबर जिरली. तुझा खांदा दुखायचा तो थांबला. आमच्याकडे हाडांची घनता मोजायचं यंत्र आलं तेव्हा मी आपल्या दोघींची तपासणी करून घेतली. निकाल बघून आमचे डॉक्टर म्हणाले होते, या वयाच्या बायकांची अशी हाडं फारशी बघायला मिळत नाहीत. मी महिनाभर रुबाबात फिरत होते. जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत होते.

पण साखर आणि रक्तदाब हे आपण घरच्यांना सांगायचं कारण होतं. खरं कारण आपल्याला माहीत होतं. मोठ्या बाईला धावताना बघितलं की लोक विचारतात, काय झालं? बस चुकली का? कुणी आजारी आहे का? आपल्याला कुणी उगाच धावू देत नाही. तिथे आपण उगाच धावायचो. एका पिवळ्या चेंडूसाठी, जो मिळाला तरी काही मिळत नाही आणि गेला तरी काही जात नाही. आणि कधीतरी, दहांतून एकदा, तो रॅकेटच्या बरोबर मधोमध बसायचा आणि तो जो आवाज व्हायचा, हातातून खांद्यात आणि खांद्यातून पोटात जाणारा, त्यासाठी मी पुढचे दोन दिवस सत्तर माणसांचे श्वास आनंदानं रोखून धरले असते. त्या तासात तू कुणाची विधवा नव्हतीस. मी कुणाची बायको नव्हते, कुणाची सासूही नव्हते. (ही लिहिताना हसली. हसू दे. मी सासू म्हणून कशी होते ते तिला विचार. तिच्या पोळ्यांच्या कडा मी पट्टीनं मोजल्यासारख्या बघायचे. आणि आज तीच मला घास भरवते.)

घास भरवते, हे निघून गेलं तोंडातून. आता ते परत घेता येणार नाही, कारण आमच्या करारात खोडाखोड नाही.

तर मनगट कुरकुरत नाहीये, गं. मी पहिल्याच परिच्छेदात तुला खोटं सांगितलं. तिनं तेव्हाच मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं, पण ठरल्याप्रमाणे लिहिलं. हात गेलेत. दोन्ही. उजवा आधी गेला, मग डावा, आणि आता पायही त्यांच्या मागोमाग चाललेत. मेंदू हुकूम देतो, पण तो हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा तो आजार आहे. त्याला औषध नाही. म्हणजे गोळी आहे, ती मी घेते, पण ती देतानाच डॉक्टर माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते. बावीस वर्षं मी लोकांच्या आतलं बघितलं. मोडलेली हाडं, पाणी भरलेली छाती, गिळलेली नाणी. आणि मला आजार झाला तो असा, की जो माझ्या यंत्रात दिसतच नाही. माझ्या सगळ्या फिल्म स्वच्छ आहेत.

सुरुवात गेल्या वर्षी झाली, तुझ्या डोळ्यांदेखत. आठवतं, माझी रॅकेट दोनदा हातातून निसटून जाळीवर आदळली होती? मी म्हटलं, घाम येतो हल्ली फार. तू दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी मुठीवर गुंडाळायची नवी पट्टी घेऊन आलीस आणि बाकावर बसून स्वतः गुंडाळून दिलीस, प्रत्येक वेढा मागच्यावर अर्धा चढवत, तुझ्या पद्धतीनं, सावकाश. मी घाई केली, "चल गं, ऊन चढतंय." मला तेव्हाच शंका होती. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग बसलेला मला दिसत होता. शर्टाची बटणं लागत नव्हती. रुग्णालयात मी हे असे हात पाहिले होते. मी तीन महिने कुणाला दाखवलं नाही. नंतर एकटीच दुसऱ्या गावी जाऊन दाखवून आले. आजाराचं नाव कळलं तेव्हा आपल्या अंतिम सामन्याला एकोणीस दिवस राहिले होते. तिथल्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "तुमचं हृदय मात्र उत्तम आहे हं, तिशीतल्या बाईसारखं. काय करता?" मी म्हटलं, टेनिस खेळते. ते म्हणाले, "फार छान." घरी परतताना बसमध्ये मला त्याचा अर्थ लागला. हृदय चांगलं, फुप्फुसं चांगली, म्हणजे हे सगळं लवकर संपणार नाही. अकरा वर्षं घाम गाळून मी जे कमावलं, ते आता मला या खुर्चीत जास्त दिवस बसवून ठेवणार आहे. सावकाश, मला सांग, याला हसावं की काय करावं?

मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांना नाही, मुलाला नाही, तुला नाही. एकच धरून बसले, तो पेला एकदा घरी आणायचा. पन्नाशीपुढच्या दुहेरीचा तो बुटका स्टीलचा पेला, जो आपल्या हातून दोनदा अंतिम फेरीत गेला होता. तुला तो पेला हवा होता असं मला कधी वाटलं नाही. तुला खेळ झाला की पुरायचं. मला मात्र हवा होता, आणि त्या एकोणीस दिवसांत तर असा हवा झाला, जसा बुडणाऱ्याला काठ. वाटायचं, एवढं दिलं तर मी बाकीचं मुकाट्यानं सोसेन. कुणाशी हा सौदा करत होते कोण जाणे.

तो सामना तुला सांगायला नको, पण मला सांगू दे. समोर त्या दोघी दंतवैद्य बहिणी. पहिला डाव आपण घेतला, दुसरा त्यांनी. तिसऱ्यात माझा हात मेला. मी सलग तीन सर्व्हिस जाळीत घातल्या. तू प्रत्येक वेळी जवळ येऊन माझ्या पाठीवर रॅकेट टेकवून म्हणालीस, "होतं गं, होतं." तू एकटीनं आपल्याला सामन्यात ठेवलंस. साठ वर्षांची तू, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, एकही चेंडू न सोडता. बाजूला तीस-पस्तीस माणसं, मास्तर टोपी हातात धरून उभे. आणि मग त्यांना जिंकायला एकच गुण उरला. धाकट्या बहिणीनं उंच फटका मारला, तो माझ्या डोक्यावरून मागे गेला, मी वळून धावले, तूही तिकडून आलीस, आणि चेंडू मागच्या रेषेपाशी पडून निघून गेला. चेंडू आपल्या बाजूला पडला, म्हणजे निर्णय आपला. सगळे आपल्याकडे बघत होते. तू नेहमीसारखंच केलंस. हात वर नाही, आवाज नाही, फक्त बोट जमिनीकडे, मुद्रितावर पेन्सिलीनं खूण करावी तसं. "आत होता," तू म्हणालीस. आपण हरलो.

अकरा वर्षांत तुझ्या या बोटानं आपल्याला किती सामने घालवले असतील. मी चिडायचे, कुरकुरायचे, आणि घरी जाताना मनातल्या मनात अभिमानानं सांगायचे, माझी जोडीदार आहे ती. पण त्या दिवशी मी ओरडले. "बाहेर होता! चांगला चार बोटं बाहेर!" त्या थोरल्या बहिणीनं भलेपणानं म्हटलं, "मातीवर खूण असेल ना, बघू या." तू आलीस, वाकलीस, चष्मा पुसलास, पुन्हा वाकलीस. खूण नव्हती. तिथे नुसती विस्कटलेली माती आणि फुटलेली फक्की. आणि मी पस्तीस माणसांसमोर तुला म्हटलं, "डोळे गेलेत तुझे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यास, आणि पायाखालची रेघ दिसत नाही? छापखान्यातले लोक बोलतात ते काही खोटं नाही."

छापखान्याचं मला कुणी सांगितलं होतं? तूच. आठच दिवसांपूर्वी, त्या बाकावर, मान खाली घालून. एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखकाच्या आडनावातली चूक तुझ्या नजरेतून सुटली, हजार प्रती छापून झाल्या, आणि मालक सगळ्यांसमोर काहीबाही बोलले. तू म्हणाली होतीस, "पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मला भीती वाटायला लागली आहे गं." तू ते दुसऱ्या कुणालाही सांगितलं नव्हतंस. मी ते जपून ठेवलं आणि बरोबर वेळेला काढलं.

तू जाळीपाशी जाऊन त्या दोघींशी हात मिळवलेस, रॅकेट पिशवीत घातलीस, आणि पंपघराच्या भिंतीला हात लावत लावत बाहेर गेलीस. एरवी तू कधी भिंतीला धरून चालत नाहीस. मी पाहिलं आणि हाक मारली नाही. बरंच झालं, असंही वाटलं. आता ही रागावेल, येणार नाही, मला विचारणार नाही की रॅकेट का पडते, बटणं का उघडी आहेत. तुझी कीव मला सोसवली नसती. तुझा राग चालला असता.

पण तुला राग आलाच नाही. तुझी चिठ्ठी आली. "कदाचित मीच चुकले असेन. हल्ली मला खरंच नीट दिसत नसेल. पेला तुझ्या हातात यायला हवा होता. माफ कर." चारच ओळी. मी ती चिठ्ठी कितीदा वाचली ते सांगत नाही. तेव्हा माझा डावा हात चालत होता. एक ओळ खरडून पाठवली असती, तरी चाललं असतं. मी चिठ्ठी कपाटात ठेवली आणि कपाट बंद केलं.

गेल्या बुधवारी मास्तर आले होते. त्यांना माझं कुठूनतरी कळलं. दारातून आत आले, मला खुर्चीत बघितलं आणि टोपी काढून तशीच हातात फिरवत राहिले. मग तुझं सांगत बसले. म्हणाले, तुमच्यानंतर त्याही आल्या नाहीत. रॅकेट कुणाला तरी देऊन टाकली. छापखान्याचं कामही परत केलं, गठ्ठा उघडलासुद्धा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं की काही झालेलं नाही, पण त्यांचा विश्वास बसत नाही. भाजी निवडली तरी शेजारणीला बोलावून दाखवतात, किडकी राहिली नाही ना. बसचा नंबर समोर दिसत असून दुसऱ्याला विचारतात. साखर अडीचशेवर गेली आहे, पाय सुजतात, पडदे ओढून बसून असतात. मग त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी नक्की काय झालं होतं हो?" सूनबाई चहा घेऊन आली, त्यांचा प्रश्न हवेतच राहिला. मी त्यांना सांगू शकले असते. मी म्हटलं, "ऊन फार होतं त्या दिवशी." ते गेले. मला दारापर्यंत जाता आलं नाही.

तर आता ते काम. मला बरं वाटावं म्हणून हे पत्र नाही, मला बरं वाटणार नाहीये. माफीही मागत नाही, ती मागायला तोंड नाही, आणि जे तोंड आहे तेही चाललंय. जीभ जड झाली आहे. डॉक्टर म्हणाले, महिना, फार तर दोन, मग शब्द उमटणार नाहीत. जी गोष्ट जगात मला एकटीला माहीत आहे, ती माझ्यात बंद होऊन बसेल आणि तू त्या पडद्यांमागे तशीच राहशील. म्हणून सांगते. चेंडू आत होता. रेषेवर पडला, फक्कीची भुकटी उडाली, ती मी तुझ्याआधी पाहिली, तुझ्यापेक्षा जवळून. खूण होती. चांगली अंड्याएवढी, अर्धी पांढऱ्यावर आणि अर्धी लालवर. तू चष्मा सारखा करत येत होतीस तेवढ्यात मी पाय फिरवून ती बुटानं पुसली. तू जे पाहिलंस ते होतं. नंतर तुला जे दिसलं नाही, ते मी ठेवलं नव्हतं. एवढी तीन-चार वाक्यं सांगायला मला आज सकाळचा अर्धा तास लागला, कारण माझे शब्द हल्ली सूनबाईला नीट कळत नाहीत. "पुसली" हा शब्द मला तिच्यासाठी पुन्हा पुन्हा म्हणावा लागला. चौथ्यांदा तिला कळला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग मान खाली घालून तिनं तो लिहिला. तू आता परत खेळशील, कामाचा गठ्ठा उघडशील, असं मला वाटत नाही. आठ महिन्यांत माणूस किती आत जातो ते मी बघतेय. मला भेटायलाही येऊ नकोस, मी बघण्यासारखी राहिलेली नाही. फक्त हे एवढं वाच, तुझ्या स्वतःच्या डोळ्यांनी, शेजारणीला न बोलावता.

तुझीच,
घाई